शेवटचं प्रकरण शिवणाऱ्या रशीदा आपा

खाणीत उतरण्याआधी माणसाला बरंच काही वर ठेवावं लागतं. बिडी, काडेपेटी, मोबाइल. गेटवर झडती होते आणि ज्याच्या खिशात काडी सापडली त्याची त्या दिवशी धडगत नसते. घुग्घुसच्या आमच्या खाणीत त्यात आणखी एका वस्तूची भर पडली होती, ती म्हणजे खुनाचं पुस्तक. हा नियम कंपनीचा नव्हता, रशीदा आपांचा होता. खाली जाऊन कोणी पुस्तक उघडलं आणि छताकडचं लक्ष उडालं, तर पुस्तकातल्या एका खुनाचे दोन व्हायचे, असं त्या म्हणायच्या. म्हणून पुस्तक लॅम्परूमच्या खिडकीत जमा करायचं, पितळी टोकन द्यायचं आणि टोपीवरची बत्ती घेऊन खाली जायचं.

आपा लॅम्परूममध्ये होत्या आणि मी शेजारच्या खिडकीत हाजरीबाबू. मधे पातळ भिंत होती, तिला वर जाळी. त्यामुळं आपांचं सगळं बोलणं मला फुकटात ऐकू यायचं. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. बत्ती हातात देण्याआधी त्या काचेवर बोटानं दोनदा टकटक करत. का, ते त्यांनाही सांगता येत नसे. आवाज मात्र असा, की चार ट्रक धडधडाट करत गेले तरी त्यांचं वाक्य तुटायचं नाही.

पुस्तकं त्या चंद्रपूरच्या रद्दीच्या दुकानांतून उचलून आणायच्या. रहस्यकथा खालच्या फळीवर, खऱ्या खुनांची पुस्तकं वरच्या फळीवर. वरच्या फळीवरच्या पुस्तकांना खाकी कागदाचं कव्हर असायचं, कारण मुखपृष्ठावर रक्त दाखवणाऱ्या चित्रकारांवर त्यांचा फार राग होता.

त्यांची शिफारस करायची पद्धत अशी, की गोष्ट मुडदा पडेपर्यंत सांगायची. पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाव नाही. एखादा माणूस टोकन घेऊन उभा राहिला की बत्ती पुसता पुसता त्या सुरू करत. एक म्हातारा हाये, पैसेवाला. तिघं पोरं, तिघंबी नालायक. सणाले सारे घरी जमले. सकाळी सून चहा घेऊन खोलीत गेली, तं... एवढं बोलून त्या पाठ फिरवायच्या आणि रॅकवर पुढची बत्ती शोधायला लागायच्या. खिडकीतला माणूस तिथंच उभा. मागची रांग ढकलायला लागे. शेवटी तो हात पुढं करून म्हणे, द्या ते पुस्तक. वर आल्यावर नेतो.

पण मागितलं म्हणून कोणालाही काहीही मिळत नसे. नवीन लग्न झालेल्याला विषाची पुस्तकं बंद. घरी सासू मुक्कामाला आलेल्याला तर फारच बंद. तिसऱ्या पाळीवाल्याला भुयारातली गोष्ट नाही. एकदा एकजण भर पावसाळ्यात भामरागडला सासुरवाडीला निघाला होता. त्यानं पातळसं काही मागितलं, तर आपांनी तीन जाडजूड पुस्तकं त्याच्या पिशवीत कोंबली. रस्ता बंद झाला तं काय करशीन, सासऱ्याशी भांडत बसशीन काय, असं त्यांनी विचारलं. रस्ता खरंच बंद झाला. तो परत आला तेव्हा सासराही पुस्तकं मागू लागला होता.

आता वाचनाची तऱ्हा. आमच्याकडं कोळसा तीन पाळ्यांत निघतो आणि पुस्तकही तीन पाळ्यांत वाचलं जायचं. एक प्रत, वाचणारे तिघे. सकाळी तिसरी पाळी वर आली की चहा घेत सिरोंचाकडचा पोचन्ना मोठ्यानं वाचायचा आणि त्याचे सोबती कोळशानं काळ्या झालेल्या चेहऱ्यांनी ऐकायचे. दुपारी उतरण्याआधी दुसऱ्या पाळीला तिचे सरदार, म्हणजे मुकादम, महादेवभाऊ वाचून दाखवायचे. त्यानंतर पहिली पाळी वर यायची आणि बस येईपर्यंत तिचं वाचन चालायचं. पुस्तकात तीन रंगांचे दोरे असत, ज्याच्या त्याच्या खुणेचे. पुढं असलेल्या पाळीनं मागच्या पाळीला काही सांगायचं नाही, हा दंडक. खाणीत माणसं पगाराबद्दल खोटं बोलतील, आजारपणाबद्दल बोलतील, पण हा दंडक पाळत.

तो मोडला महादेवभाऊंनी. माणूस एरवी दगडासारखा, खाली छत कुरकुरलं की आधी पोरांना बाहेर काढणार आणि मग स्वतः निघणार. पण गोष्टीचा शेवट कळेपर्यंत धीर म्हणून नाही. एका दुपारी त्यांनी चोरून शेवटचं प्रकरण वाचलं आणि वर येणाऱ्या पहिल्या पाळीला जाता जाता सांगून टाकलं, अबे, डॉक्टरनंच मारलं न. पहिली पाळी आठ तास राबून वर आली होती. त्यांनी महादेवभाऊंना मारलं नाही एवढंच. युनियनकडं तक्रार नेण्याची भाषा झाली.

आपांनी आरडाओरडा केला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सुईदोऱ्यानं शिवायला सुरुवात केली. चारी बाजूंनी, गोधडीसारखे लांब टाके. शिवणीपर्यंत पोचलं की खिडकीशी यायचं, आपला संशय कोणावर आहे ते मोठ्यानं सांगायचं आणि मग आपा छोट्या कात्रीनं दोरा कापणार. मग तो माणूस तिथंच उभा राहून वाचायचा. चुकला असेल तर आपा खुदखुदून हसायच्या, बरोबर असेल तर दुसऱ्या पुस्तकाला हात घालायच्या. पुढच्या पाळीसाठी ते प्रकरण पुन्हा शिवलं जाई. पानांच्या कडांना इतकी भोकं पडली होती की काही पुस्तकं चाळणीसारखी दिसत.

खऱ्या खुनांच्या बाबतीत मात्र त्यांचा कायदा वेगळा होता. आमच्याकडं एक तरुण ओव्हरमन, म्हणजे सरदारांवरचा साहेब, बदलून आला होता. शिकलेला, बोलका. त्यानं वरच्या फळीवरचं एक पुस्तक नेलं आणि परत करताना तो त्या खुन्याचं फार कौतुक करू लागला. काय डोकं होतं, पोलिसांना कसं खेळवलं, घड्याळाचा काटा कसा फिरवला. आपा ऐकत होत्या. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"मेली तिचं नाव काय होतं?"

"ती... त्याची बायको होती न."

"बायको हे नाव नाई, साहेब."

आपांनी पुस्तक परत त्याच्या हातात ठेवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. साहेब असून तो निमूटपणे घेऊन गेला. काही दिवसांनी आला तो नाव घेऊनच आला. शिवाय ती सायकल शिकत होती आणि दाराशी तिनं कढीपत्ता लावला होता, हेही त्यानं सांगितलं. आपांनी त्याला स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. मलाही जाळीतून विचारलं, बाबू, तुमाले पाहिजे काय.

इतकी पुस्तकं वाचलेली बाई खऱ्या आयुष्यात चोर कसा पकडत असेल, असं कोणालाही वाटेल. तर सांगतो. एका हिवाळ्यात आपांच्या डब्यातला खिमा रोज थोडाथोडा कमी होऊ लागला. आपांनी तपास हाती घेतला. डबा कुठं होता, त्या जागा सोडून केव्हा गेल्या, खोलीत कोण शिरू शकतं, सगळं शास्त्रशुद्ध. शेवटी त्यांनी दुपारी चार माणसं जमवली आणि शांतपणे बोट माझ्याकडं केलं. मधली जाळी, माझं शाकाहारी घर आणि खिम्याकडं पाहून मी गिळलेला आवंढा, असे तीन पुरावे होते. मी तोंडात बोट घालून उभा. तेवढ्यात जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यातून एक मांजर बाहेर आलं, तोंड चाटत, मागे तीन पिल्लं. आपा खालमानेनं म्हणाल्या की मांजरीचा हेतू त्यांनी तपासलाच नव्हता. त्या ईदला माझ्या घरी शीरखुर्म्याचा भलामोठा डबा आला. मांजरीचं नाव मुलजिम, म्हणजे आरोपी, ठेवलं गेलं आणि ती निवृत्त होईपर्यंत, म्हणजे म्हातारी होईपर्यंत, लॅम्परूममध्येच राहिली.

पुस्तकात मात्र त्या कधी चुकत नसत. अर्धं पुस्तक झालं की खुनी त्यांच्या हाती लागलेला असे. आणि हेच त्यांचं दुःख होतं. हसण्यावारी नेऊ नका, खरंच दुःख होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला ते सांगितलं. त्यांचे मालक याच खाणीत हॉलेजवर, कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या यंत्रावर, होते. काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी आपांना लॅम्परूम मिळाली. तेव्हापासून त्यांच्या खिडकीशी येणारा प्रत्येक माणूस आवाज खाली करून बोलायचा. रांगेत चाललेला चावटपणा त्यांच्यापाशी येऊन बंद पडे. एप्रिल फूल सगळ्यांना करत, आपांना नाही. धुळवडीला सगळ्यांच्या तोंडाला काळं, आपांना लांबूनच सलाम. "माह्या खिडकीपाशी लोक मय्यतीत आल्यावानी बोलते, बाबू," त्या म्हणाल्या. "पुस्तक तेवढं माह्या तोंडावर खोटं बोलते. पण तेबी आता पकडल्या जाते. रिटायर व्हायच्या आधी कोनी तरी एकदा मले पुरतं फसवावं, एवढंच आहे."

मी ही गोष्ट महादेवभाऊंना सांगितली, म्हणजे ती खाणभर झाली. मग जो तो आपांना हरवणारं पुस्तक शोधू लागला. कोणी नागपूरहून आणलं, कोणी हिंदीतलं आणलं, पोचन्नानं तर तेलुगूतलं आणून आठवडाभर मराठीत तोंडी सांगितलं. आपा प्रत्येक वेळी अर्ध्यात चष्मा पुसत आणि नाव सांगून टाकत. नाव बरोबर निघालं की खाणीत सुतक पडल्यासारखं होई. निवृत्तीचा दिवस जवळ येत चालला होता.

तेव्हा ठरलं की पुस्तक आपणच लिहायचं. आमच्याच खाणीतला खून आणि लिहायची पद्धतही खाणीचीच, तीन पाळ्यांत. पहिल्या पाळीनं मुडदा पाडायचा, दुसरीनं तपास करायचा, तिसरीनं खुनी ठरवायचा. एकमेकांना काही सांगायचं नाही. म्हणजे लिहिणाऱ्यांनाच खुनी ठाऊक नसेल, तर आपांना कुठून कळणार? पहिल्या पाळीनं मोठ्या हौसेनं एका सरदाराचा खून केला. त्याचं वर्णन महादेवभाऊंशी इतकं जुळत होतं की जुनी उधारी फेडल्याचं कोणालाही कळावं. महादेवभाऊंच्या पाळीनं तपासात पहिल्या पाळीतल्या एकेकाला रडवलं. मग कागद गेले पोचन्नाकडं.

पोचन्नानं शेवट लिहिला आणि मला वाचायला दिला, कारण टाइप करून घेण्याचं काम माझ्याकडं होतं. मी शेवटचं पान दोनदा वाचलं. खुनी होती लॅम्परूममधली रशीदा आपा. नाव तेच, दोऱ्यानं बांधलेला चष्मा तोच, काचेवरची टकटकही तीच. आणि खुनाचं कारण असं, की सरदारानं तिला एका पुस्तकाचा शेवट आधीच सांगून टाकला होता.

यावरून मोठं भांडण झालं. महादेवभाऊ म्हणाले, हे छापायचं नाही. बेवा बाई, जन्मभर कोणाला वाकडा शब्द बोलली नाही, आणि जाताना तिला आपण खुनी करून पाठवायचं? तिच्या मनाला लागलं तर तोंड कुठं दाखवू? पोचन्ना फार बोलणारा नव्हे. तो एवढंच म्हणाला,

"सरदार, तुमी इतके साल तिले काच समजून राह्यले. ती काच नाई."

महादेवभाऊंनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग त्यांनी मला कागद घेऊन जायला सांगितलं. बसस्टँडजवळच्या टायपिंगच्या दुकानात पातळसं पुस्तक तयार झालं. शेवटचं प्रकरण महादेवभाऊंनी स्वतः शिवलं. त्यांचे टाके पाहून मुलजिमलाही हसू आलं असतं.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी हारतुरे झाले, साहेबांचं भाषण झालं. दुपारी पाळी बदलताना तिन्ही पाळ्यांची माणसं लॅम्परूमसमोर जमली. आपा खुर्चीत बसून वाचू लागल्या. पानं उलटता उलटता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या की पहिल्या पाळीत मेलेला सरदार तिसऱ्या पाळीत टोकन देऊन बत्ती घेऊन गेला आहे, हे कसं. पोचन्ना ओशाळला. तिसऱ्या पाळीला सरदार लागतोच, म्हणून सवयीनं त्यानं हजेरी लावून टाकली होती. सगळे हसले, आणि मला वाटलं, गेलं पुस्तक. पण आपा पुढं वाचत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती. ती मी पूर्वी पाहिली नव्हती.

शिवणीपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"हाजरीबाबूनं मारलं," त्या म्हणाल्या.

म्हणजे दुसऱ्यांदा मीच. मी हात जोडले. महादेवभाऊंनी कात्री पुढं केली आणि आपांनी दोरा कापला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग त्या थांबल्या. पुस्तक मांडीवर ठेवून खाली बघत राहिल्या. पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. महादेवभाऊंनी पोचन्नाकडं असं पाहिलं की खरा खून तिथंच व्हावा. मला तर खाली खाणीत जाऊन बसावंसं वाटलं.

पदर बाजूला झाला तेव्हा आपा हसत होत्या. आवाज फुटेना इतकं हसत होत्या. डोळ्यांतून पाणी, चष्मा एका कानाला लटकलेला. हसू आवरेना, थोडं थांबलं की पुन्हा पुस्तकाकडं बघून सुरू. त्यांना हसताना बघून शेवटी ओव्हरमनसाहेबही भिंतीला टेकून हसू लागले.

"साऱ्यांले तपासलं," त्या म्हणाल्या. "इंजिनवाल्याले, कॅन्टीनवाल्याले, बाबूले. ती बत्तीवाली पयल्या पानापासून समोर बसून आहे, अन् तिच्याकडं माहं लक्षच नाई." मग श्वास घेऊन, सगळ्यांकडं बघत म्हणाल्या, "इतके साल तुमी मले बिचारी समजले. आज खुनी समजले. लय बरं वाटलं, भाऊ."

महादेवभाऊंनी डोळे पुसले आणि नाक शिंकरण्याचं निमित्त केलं. पण आपांची एक तक्रार होतीच. सरदाराला मारला कसा, ते कोणीच लिहिलं नव्हतं. पाळ्यांच्या भानगडीत राहूनच गेलं होतं. आपांनी महादेवभाऊंना जवळ बोलावलं आणि स्वतः कसा मारला असता ते त्यांच्या कानात सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला आजही ठाऊक नाही. महादेवभाऊंनी हातातला चहा हळूच टेबलावर ठेवला आणि नंतर तो काही उचलला नाही.

त्यांच्या जागी आता दुसरी बाई आहे. चांगली आहे, बत्त्या चोख देते. पुस्तकांची फळी आपा आमच्या हवाली करून गेल्या, शिवण महादेवभाऊंच्या हाती आली, आणि ते टाके त्यांना अजून जमत नाहीत.

परवा आईचे डोळे दाखवायला चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो होतो. ही गर्दी. बाकांवर जागा नाही, नंबर काही पुढं सरकेना. पलीकडच्या बाकावर आपा दिसल्या. पार पांढऱ्या झालेल्या, डोळ्याला हिरवी पट्टी, पण दुसऱ्या डोळ्यावर चष्मा तोच. शेजारी एक अनोळखी बाई कंटाळून बसली होती, मूल गावाहून आली होती असं वाटलं. मी हाक मारणार, तेवढ्यात आपांचं सुरू झालेलं ऐकू आलं. एक खाण हाये, घुग्घुसकडं. मी तिथंच होती, रशीदा माहं नाव. तिथी एक सरदार होता, लय चांगला, पन तोंडाचा फाटका. एक दिवस सकाळी तो बत्ती घेऊन खाली उतरला, तं... आणि आपा गप्प झाल्या. पिशवीतून ते पातळ पुस्तक काढून त्यांनी त्या बाईच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून बसल्या.

बाई वाचू लागली. आईचा नंबर आला, आम्ही आत जाऊन आलो, औषधं घेतली. निघताना पुन्हा पाहिलं. बाई शेवटच्या पानावर होती. तिनं ते वाचलं. मान वर केली, आपांच्या चष्म्याच्या दोऱ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पुस्तकात पाहिलं. आणि आपली चहाची कपबशी उचलून हळूच बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

आपा भिंतीकडंच बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.